मडमेची भाकर कोणाच्या नावे

मी, गोपिका, भ्रतार रुपराव रेवतकर, वय अंदाजे बासष्ट, धंदा घरकाम, राहणार हनुमाननगर, नागपूर, आज रविवार, दिनांक १९ फेब्रुवारी १९७८ रोजी, सकाळचा चहा घेऊन आणि चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दाबाखाली नसताना, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वय अंदाजे लिहिले, कारण मी जन्मले त्या साली नरखेडकडे टोळ आले होते एवढेच माझ्या आईला आठवत असे, आणि टोळांनी तारीख ठेवली नाही.

डॉक्टर म्हणतात काळजाचा ठोका चुकतो. मला मरणाची भीती नाही, घाईही नाही. पोटभर जगले. तरी माझ्यामागे माझ्या वस्तूंवरून कोणी तोंड वाकडे करू नये म्हणून ही व्यवस्था. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारे भैयाजी माझ्या यजमानांचे जुने स्नेही. त्यांनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. तो वाचून नेमके कोण मेले तेच मला कळेना. म्हणून मी माझाच लिहायला घेतला. भैयाजी म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, स्वभाव नाई लिहीत." मी म्हटले, "भैयाजी, माही अर्धी मालमत्ता स्वभावच हाये." ते बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसले आहेत.

कलम १. घर. हे घर माझे कैलासवासी यजमान व त्यांचे धाकटे बंधू मधुसूदन यांनी मिळून बांधले. मधोमध भिंत, इकडे आम्ही, तिकडे ते. अंगण, नळ आणि पेरूचे झाड दोघांचे. आमच्या बाजूच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मी माझा मुलगा ताराचंद व सून शामला या दोघांच्या नावे करते. एकट्याच्या नावे का नाही, असे ताराचंद विचारील. त्याने आजवर घरातला बल्ब बदललेला नाही, हे त्याचे उत्तर. एक अट अशी की अंगणात भिंत घालू नये. आतली भिंत पुरे आहे.

कलम २. पोस्टातील पुस्तक व हातातल्या पाटल्या शामलाला. पोर गुणाची आहे. माझ्या दुखण्यात तिने न बोलता केले, आणि जे बोलली ते माझ्या पाठीमागे बोलली, याला मी संस्कार म्हणते. ओव्हन मात्र तिला देत नाही. तिला दर दोन मिनिटांनी दार उघडून बघायची सवय आहे, आणि जे फुगायचे ते बघत बसले की फुगत नाही. तिने राग मानू नये.

कलम ३. नरखेडजवळ वडिलांच्या मळ्यात विहिरीकाठची संत्र्याची अकरा झाडे मला तोंडी दिलेली होती. ती माझा भाऊ धोंडबा यास. त्याने प्रत्येक बहाराला एक टोपली संत्री ओव्हन ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी पोचवावी. जाड सालीची. गोड किती आहेत याच्याशी मला कर्तव्य नाही, साल जाड पाहिजे.

कलम ४. चाळणी, दोन परड्या, सांडशी आणि पितळेचा पेला शामलाने वापरावेत. पेला जपावा, त्याची कड पातळ आहे, ओव्हनमधली भाकर कापायला तीच लागते. याविषयी एक जुनी गोष्ट नोंदवून ठेवते. माझ्याकडे कातरकडेचा एक गोल पत्र्याचा साचा होता. तो १९६९ साली चौकातल्या कवडू बेकरीवाल्याने "टिनवाल्याले दाखवून आनतो काकू" म्हणून नेला आणि हरवला असे सांगितले. पुढच्या महिन्यात त्याच्या बिस्किटांना कातरकडा आल्या. मी त्याला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून पाव दुसरीकडून आणते. तो साचा मी कवडूला याद्वारे देत आहे, म्हणजे मेल्यावर त्याच्या डोक्यावर चोरीचे पाप राहणार नाही. माफ केले असे मात्र समजू नये. देणे वेगळे आणि माफ करणे वेगळे.

कलम ५. आता ओव्हन. हा माझ्याकडे कसा आला हे लिहिल्याशिवाय तो कोणाला द्यायचा ते समजणार नाही.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास माझे यजमान सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्याच्या बागेवर देखरेखीला होते. तिथे मिस ग्रॅहम नावाची स्कॉटलंडची बाई राहत असे. मुलींच्या शाळेत शिकवायची, उंच, नाकावर कायम ऊन लागलेले. तिच्याकडे मी विणकाम शिकायला जाऊ लागले. विणकाम मला आजही येत नाही. पण चार वाजले की तिच्या स्वयंपाकघरातून वास यायचा आणि माझे टाके सुटायचे. शेवटी ती म्हणाली, "गोपिकाबाई, सुई ठेवा. इकडे या."

तिने मला स्कोन शिकवले. मैद्याची जाड, बोटभर उंचीची गोल भाकर, यीस्टशिवाय फुगलेली, मधोमध हाताने उकलणारी. पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीने पीठ धरले आणि मळायला लागले. पोळीची कणीक मळतात तशी, मनगटाचा जोर लावून. तिने माझे हात धरले. तिचे मराठी पुस्तकातले होते. म्हणाली, "ते पीठ आहे, शत्रू नाही." तरी त्या दिवशीचे माझे स्कोन भिंतीवर खिळा ठोकता येईल असे झाले. तेव्हा कळले की आपण जन्मभर जे हाताला शिकवले तेच इथे विसरायचे. पीठ गोळा झाले की हात काढायचा.

१९५८ साली ती मायदेशी गेली. जाताना स्टोव्हवर ठेवायची पत्र्याची पेटी, म्हणजे हा ओव्हन, मला देऊन गेली. मी संत्र्याची वाळवलेली साल घालून गोड स्कोन करू लागले, आणि ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तिखट. तिखट हे मिसने कधी खाल्ले नाहीत, ते माझे स्वतःचे. यजमान त्याला मडमेची भाकर म्हणत. चांगली झाली असे तोंडाने त्यांनी एकदाही म्हटले नाही. दोन खाऊन ताट सारायचे, मग जरा थांबून तिसरा उचलायचे. तो तिसरा उचलला की मी आत जाऊन हसून घेत असे.

कलम ६. हे कलम लिहायला मला सोळा वर्षे लागली.

माझी जाऊ सिंधू, मधुसूदन भावजींची बायको, १९५४ साली लग्न होऊन या घरात आली. मॅट्रिक पास, रंगाने उजळ, आणि हात असे की तिने मळलेल्या कणकेची पुरणपोळी ताटात ठेवली तर ताटाची नक्षी दिसावी. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सिंधूच्या हाताले लक्ष्मी हाये." माझ्या हाताला काय आहे ते कोणी सांगत नसे. मला वाईट वाटायचे आणि मी ते गिळायचे. या घरात माझ्या एकटीचे असे काय होते? मडमेची भाकर होती.

१९६२ साली संक्रांतीनंतर महिला मंडळाचा मेळावा होता. प्रत्येकीने नवा पदार्थ करून मांडायचा. सिंधू माझ्याकडे आली. "ताई, मले मडमेची भाकर शिकवा ना. तुमी तिखट ठेवा, मी गोड ठेवीन." मी तिला सगळे साहित्य बरोबर सांगितले. मैदा, लोणी, ताक, साल, सगळे. आणि शेवटी सांगितले, "पुरणपोळीची कणीक मळते ना, तशी मळजो. अर्धा तास. जितकी मळशील तितकी फुलन."

हे मी चुकून सांगितले नाही. मला माहीत होते काय होणार ते. मी स्वतः तो दगड करून पाहिलेला होता.

मेळाव्यात कोणा साहेबाची बायको पाहुणी आली होती. तिने सिंधूच्या ताटातला स्कोन उचलला, चावला, आणि गालाला हात लावला. मागून कोणी तरी म्हणाली, "हे काय वं, गोफनीतले गोटे हायेत का पाखरं हाकलाचे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सिंधूच्या ताटात चाळीस होते, एकोणचाळीस तसेच परत आले. पुढे कित्येक वर्षे मंडळात तिला गोफणवाली म्हणत. माझे ताट अर्ध्या तासात रिकामे झाले होते, आणि मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

बायांनी तिला विचारले, "कोनं शिकवलं वं तुले?" ती म्हणाली, "कोनं नाई. माहेच हात चुकले." माझे नाव तिने घेतले नाही. तिथे नाही, घरी नाही, भावजींजवळ नाही. मी समजले की हिला सारे कळले आहे आणि ही मला वाचवते आहे. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत होते, तर तिने माझ्यावर उपकार केला. मला तो फार जड गेला.

त्यानंतर ती कधीही पंगतीच्या स्वयंपाकात कणकेला बसली नाही. भाजी चिरायला बसते. मी दर महिन्याला स्कोनची ताटली अंगणातून तिच्याकडे पाठवते. तिची मुले खातात, ती म्हणते, "दात दुखून राहिला." सोळा वर्षे कोणाचा दात दुखतो? रिकामे भांडे परत करू नये म्हणून ताटलीत कधी चिंच, कधी लिंबू, कधी मूठभर साखर घालून पाठवते. बोलते नीट, दुखण्याखुपण्याला धावून येते. पण माझ्या हातचा स्कोन तोंडात घालत नाही. मी सुखात जगले, हे खोटे नाही. मात्र प्रत्येक ताटली परत आली की तिने यातला एखादा तरी खाल्ला असेल का, असाच विचार मी करत आले. तोंडाने कबूल करण्याची हिंमत झाली नाही. शंभर वेळा अंगण ओलांडले आणि शंभर वेळा कोथिंबीर मागून परत आले.

म्हणून मिस ग्रॅहमचा ओव्हन मी माझी जाऊ सिंधू मधुसूदन रेवतकर हिला देत आहे, आणि खरी कृती पुढच्या कलमात लिहून देत आहे. तिचे हात कधीच चुकले नव्हते. चुकीचे माझे सांगणे होते, आणि ते मी जाणून सांगितले. हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. मंडळातली कोणी हयात असेल तर तिलाही बोलवावे.

कलम ७. कृती. दोन वाट्या मैदा चाळून, त्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूट सोडा, चिमूट मीठ. माठातल्या पाण्यात वाटी ठेवून गार केलेले लोणी लिंबाएवढे. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावे, तळहात लावू नये, रवाळ झाले की थांबावे. गोड करायचे तर तीन चमचे साखर आणि आतला पांढरा भाग खरवडून वाळवलेली संत्र्याची साल बारीक कुटून. तिखटाला ओवा, मिरची, कोथिंबीर, आणि साखर विसरणे. कालचे आंबट ताक थोडे थोडे घालून सुरीने ढवळावे. गोळा झाला की पुरे. ओबडधोबड दिसेल, दिसू द्यावा. लाटणे नको, हाताने बोटभर जाड थापून पेल्याच्या कडेने सरळ दाबून कापावे, पेला फिरवू नये, फिरवला की स्कोन एका बाजूला कलतो. स्टोव्ह मोठा करून ओव्हन आधी तापवावा. पेपरचा तुकडा आत टाकावा. तो लगेच काळा झाला तर थांबावे, बदामी झाला तर स्कोन ठेवावेत. पंधरा मिनिटे. दार उघडू नये. शामला, हे तुला.

कलम ८. माझ्या तेरवीला बुंदी नको, तिखट स्कोन आणि चहा द्यावा. कोणी नाव ठेवील तर त्याला दोन द्यावेत. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही तर ताराचंदने माझी कसली इच्छा राहिली म्हणून शोधत बसू नये. कारण कलम ६ मध्ये लिहिले आहे.

येथे माझे मृत्युपत्र संपले होते. सही करायची तेवढी राहिली होती. पुढचा मजकूर सही करण्यापूर्वी, त्याच दिवशी दुपारी लिहिला आहे, आणि तो या मृत्युपत्राचाच भाग समजावा.

दोन साक्षीदार लागतात, आणि भैयाजी स्वतः कधी साक्षीला सही करत नाहीत. शेजारचे रामाजी, पोस्टातून निवृत्त झालेले, वेळेवर आले. दुसरे गोविंदा मास्तर सकाळीच कोणाच्या साखरपुड्याला कामठीला निघून गेले. इतक्यात सिंधू ताटली परत करायला आली. ताटलीत चार बोरे होती. रामाजी म्हणाले, "ह्या हायेत ना घरच्याच. सही येते याइले."

मी घाईने म्हटले, "तिले नोको."

"काहून?" सिंधू म्हणाली. "मले सही येत नाई का?"

भैयाजींनी सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही करताना पाहिले म्हणजे झाले. सिंधू म्हणाली, "न वाचता सही कराले मी काय अंगठेबहाद्दर हावो?" आणि तिने कागद माझ्या हातातून घेतला. मी सोडला. धरून ठेवता आला असता, पण सोडला, हे खरे आहे.

ती ओट्यावर बसून वाचू लागली. कवडूच्या साच्याशी थोडी हसली. कलम ६ ला थांबली. ते पान तिने दोनदा वाचले. मग कागद मांडीवर ठेवून स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"हे खरं हाये, ताई?"

"खरं हाये."

"सोळा वर्सं," ती म्हणाली, "सोळा वर्सं मी समजून राहिली का माहे हातच जड झाले. पोरीच्या लग्नात बी पुरनाच्या कनकेले हात नाई लावला मी. आचारी लावला. पाहुने काय म्हनतीन म्हनून."

मी म्हटले, "तुले तर समजलं होतं ना? तू माहं नाव नाई घेतलं."

"मले कायचं समजते? तुमी म्हनलं मळ, मी मळलं. घरच्या मोठ्या बाईवर कोनी शंका घेते का?"

मी समजत होते की तिने मला माफ करून ठेवले आहे. तिने तर माझ्यावर संशयच घेतला नव्हता. माझ्या शब्दापेक्षा तिने स्वतःचे हात खोटे धरले. मी रडले. भैयाजी आणि रामाजी पेरूच्या झाडाकडे पाहू लागले, त्यावर एकही पेरू नव्हता.

सिंधू रडली नाही. ती रागावली होती. म्हणाली, "मेल्यावर सांगनार होत्या? मंग मी कोनाशी भांडनार होती?"

 भैयाजींनी मध्येच कायदा काढला, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतात. सिंधू उठली. "मंग मले मेल्यावर नोको. मले आत्ता पायजे." तिने ओव्हन उचलला, पदर खोचला आणि अंगणातून आपल्या स्वयंपाकघरात निघाली. दारातून वळून म्हणाली, "या आता. शिकवा. आन् या टायमाले बरोबर शिकवा."

मी गेले. बोटांच्या टोकांनी लोणी कसे चोळायचे ते सांगितले. ताक घालून गोळा झाला तसे तिचे तळहात आपसूक खाली दाबले गेले, जन्माची सवय. मी मनगटे धरली आणि मिसने मला म्हटले होते ते तिला म्हटले, "थांब वं सिंधू. ते पीठ हाये, शत्रू नाई."

"शत्रू कोन ते वाचलं मी मघाशी," ती म्हणाली, आणि कलम ६ वाचल्यापासून पहिल्यांदा हसली.

चौदा झाले. चौदाही फुगले, एक जरा कलला, तेवढ्याला तिने पेला फिरवला होता. तिने ओट्याशी उभ्यानेच एक उकलला, लोणी लावले, खाल्ला. दात दुखला नाही. मग दुसरा. मी विचारले, "माफ केलं का मले?" ती म्हणाली, "माफीचं पाहू. आंदी होळी येऊ द्या. पंचवीस मानसाची पुरनपोळी करतो मी. मंडळातल्या साऱ्या बाया बोलावतो. कनीक मीच मळीन, तुमी नुसतं बसून पाहाचं." असे म्हणून ती जरा थांबली आणि तिने तिसरा उचलला.

सबब कलम ६ पैकी ओव्हन देण्याचा भाग रद्द, कारण ओव्हन दिला गेला आहे. भैयाजींचे मत पडले की मग सगळे कलमच काढून टाकावे. सिंधू म्हणाली, "राहू द्या. सगळ्याईनं वाचलं पायजे." म्हणून बाकी मजकूर कायम. कलम ३ मधील संत्र्यांची टोपली धोंडबाने आता भिंतीपलीकडे पोचवावी. कलम ८ मधील कावळ्याबाबतची सूचना रद्द. तो शिवेल.

मी होळीपर्यंत मरणार नाही. हे कायद्यात बसत नसेल तर भैयाजींनी बसवावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, तो खरा आहे, आणि खालील साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

(सही) गोपिका रुपराव रेवतकर

साक्षीदार पहिले: (सही) रामाजी, निवृत्त पोस्टमन, हनुमाननगर

साक्षीदार दुसरी: (सही) सिंधू मधुसूदन रेवतकर, संपूर्ण वाचून

ठिकाण: नागपूर. दिनांक १९ फेब्रुवारी १९७८, वेळ दुपारी साडेचार.

टीप: दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीजवळ कागदावर पाच बोटांचा जो पांढरा ठसा आहे तो मैद्याचा आहे. ती खाडाखोड समजू नये, आणि कोणी पुसू नये.